लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायची कुठे?

अनंत चतुर्दशीच्या सकाळी मानाचे गणपती मंडईपासून निघतात, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात आणि पुढचे अठ्ठावीस-तीस तास पुण्याच्या या सगळ्यात मोठ्या बाजाररस्त्यावर मोटार शिरत नाही. माणसं लाखांनी येतात. कुणी बसने येतं, कुणी आता मेट्रोने, कुणी नदीपलीकडे गाडी लावून पूल ओलांडतं. म्हातारी माणसं येतात, खांद्यावर पोरं घेतलेले बाप येतात. गाडी कुठे लावायची याचा विचार प्रत्येकाने घरून निघतानाच केलेला असतो, कारण रस्ता बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावर कुणाचा वाद नसतो.

मिरवणुकीनंतर महिनाभरात दिवाळीची खरेदी सुरू होते. रस्ता तोच, गर्दी जवळपास तशीच, आणि मधोमध वाहनांची रांग.

पूर्वेकडून येऊन सोन्या मारुती, सिटी पोस्ट, बेलबाग, गणपती चौक, कुंटे चौक, विजय टॉकीज असे टप्पे घेत लक्ष्मी रस्ता अलका टॉकीज चौकात उतरतो. वाहतूक एकेरी, पूर्वेकडून पश्चिमेकडे. परतीच्या दिशेला कुमठेकर रस्ता. दक्षिणोत्तर जाणारे शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ताही एकेरी. एकाने स्वारगेटकडे जायचं, दुसऱ्याने शनिवारवाड्याकडे यायचं. या चौकटीत आणि तिच्या अवतीभवती पुण्याची बाजारपेठ बसली आहे. साड्या आणि सोनं लक्ष्मी रस्त्यावर, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, भांडी आणि बांगड्या तुळशीबागेत, घाऊक माल रविवार पेठेत, भाजी-फळं मंडईत. तुळशीबागेतलं राममंदिर नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१मध्ये बांधायला घेतलं. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. तेव्हा ती मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाई, आज ती महात्मा फुले मंडई आहे. पेठांचे रस्ते आखले गेले तेव्हा समोर होती पायी चालणारी माणसं, पालख्या, घोडे आणि बैलगाड्या. त्या रुंदीत आज काय काय कोंबलं आहे, ते दिवाळीआधीच्या रविवारी कुंटे चौकात उभं राहिलं की कळतं.

संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. रस्त्याच्या कडेला दुचाक्या तिरप्या, हँडलला हँडल अडकवून लावलेल्या. एक बाहेर काढायची तर शेजारच्या तीन हलवाव्या लागतात, आणि ते करताना काढणाऱ्याचा मागचा भाग वाहत्या रस्त्यात आलेला असतो. साडीच्या दुकानासमोर टेम्पो उभा, मागचं फळकं खाली, गठ्ठे उतरत आहेत. त्याच्या मागे पीएमपीची बस थांबली आहे, बसमागे रिक्षा, रिक्षामागे हॉर्न. फुटपाथ आहे, पण त्यावर दुकानाची पायरी पुढे आलेली, पायरीपुढे साडी नेसवलेला पुतळा, पुतळ्यापुढे पथारी. साहजिकच चालणारी माणसं फुटपाथवरून उतरतात आणि उभ्या दुचाक्या व चालती वाहनं यांच्यामधल्या दोन-अडीच फुटांतून वाट काढतात. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात मुलाचं मनगट. स्कूटरवरून आलेल्या जोडप्यापैकी एक जण दुकानात जातो आणि दुसरा गाडीपाशी उभा राहतो, कारण गाडी जिथे लावली आहे तिथून ती कधीही उचलली जाईल. "तू बघून ये, मी गाडीपाशी थांबतो" हे वाक्य या रस्त्यावर दिवसभर ऐकू येतं. दोघांनी मिळून करायची खरेदी एकट्याने उरकली जाते. व्यापाऱ्याचं हे नुकसान कुठल्याही हिशेबवहीत दिसत नाही, पण ते रोज होतं.

पुण्यातल्या वाहनांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. २०१८ साली प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि शहराची अंदाजे लोकसंख्या ३५ लाख होती. माणसांपेक्षा वाहनं जास्त, अशी ती बातमी देशभर गाजली. पण लक्ष्मी रस्त्याचा प्रश्न या आकड्यापाशी सुरू होत नाही. चालणारं वाहन कितीही असलं तरी ते पुढे सरकतं. बाजार अडतो तो उभ्या वाहनाने.

इमारतींच्या नियमावलीत एका मोठ्या मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर. रस्त्याच्या एका बाजूचा अर्धा किलोमीटर घेतला आणि आत-बाहेर काढण्यापुरती मोकळी जागा सोडली, तर तिथे फार तर ऐंशी मोटारी मावतील. दुकानं सकाळी दहाला उघडून रात्री आठला बंद होतात असं धरू. मोटार सरासरी तीन तास उभी राहिली, तर दिवसभरात त्या जागेचा उपयोग सुमारे अडीचशे जणांना होईल. तीच मोटार पाऊण तासात निघाली, तर हजार जणांना. जागा तेवढीच, फरक चौपट. बाजारपेठेतल्या पार्किंगचं सारं शास्त्र या एका हिशेबात आहे. गाड्या किती लावता येतात यापेक्षा त्या किती वेळात हलतात याला महत्त्व आहे.

आता ही जागा दिवसभर कोण अडवतं, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी, सकाळी दहाच्या सुमाराला फेरी मारावी. कडेची बरीचशी जागा तेव्हाच भरलेली दिसेल. त्या गाड्या दुकानमालकांच्या, विक्रेत्यांच्या, आसपासच्या कार्यालयांत काम करणाऱ्यांच्या असतात आणि त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फुकट जागा दारात मिळत असताना पैसे देऊन लांबच्या वाहनतळात कोण जाईल? पण गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी असेल, आणि ती खरी आहे, तर तिचं एक मोठं कारण त्यांच्याच दाराशी सकाळपासून उभं असतं.

शहराने यावर आजवर दोन हत्यारं वापरली. एक सम-विषम तारखांचं. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या पुणेकराला पाठ आहेत. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. त्याने रस्त्याची एक कड मोकळी राहते, पण गाडी किती वेळ उभी राहावी यावर काहीच बंधन येत नाही. दुसरं हत्यार क्रेनचं. नो पार्किंगमधली दुचाकी उचलली जाते, मालक चौकीवर जातो, दंड भरतो, गाडी आणतो. तास-दीड तास त्यात जातो आणि मनात राग राहतो. क्रेन ज्या क्षणी पुढे सरकते त्या क्षणी मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी गाडी येते. पोलीस, वॉर्डन, क्रेनवरची मुलं, सगळे दिवसभर राबतात आणि संध्याकाळी रस्ता होता तसाच असतो. शिक्षेची भीती सगळ्यांना आहे, पण जागेला किंमत नाही.

डोनाल्ड शूप या अमेरिकी प्राध्यापकाने हाच मुद्दा आयुष्यभर मांडला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे शूप २०२५च्या फेब्रुवारीत गेले. फुकट पार्किंगची खरी किंमत सांगणारा त्यांचा जाडजूड ग्रंथ २००५मध्ये आला. १९२७ ते २००१ या काळात वेगवेगळ्या शहरांच्या मध्यवर्ती भागांत झालेल्या सोळा पाहण्या त्यांनी एकत्र केल्या. गर्दीच्या त्या रस्त्यांवर फिरणाऱ्या वाहनांपैकी सरासरी तीस टक्के वाहनं नुसती जागा शोधत फिरत होती आणि जागा मिळायला सरासरी आठ मिनिटं लागत होती. शूप स्वतः बजावत की या पाहण्या जिथे हा त्रास होता तिथेच झाल्या, म्हणून हा आकडा सगळ्या रस्त्यांना लावू नये. लक्ष्मी रस्ता मात्र नेमका तसाच रस्ता आहे. कुमठेकर रस्त्याने परत फिरून, शनिपारावरून वळून पुन्हा तोच फेरा मारणारी मोटार इथे सगळ्यांनी पाहिली आहे. शूप यांचं सांगणं साधं होतं: कडेच्या जागेचा दर एवढा ठेवा की शंभरातल्या पंधरा जागा कायम रिकाम्या राहतील, आणि त्यातून येणारा पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा.

यातल्या दुसऱ्या अटीचं महत्त्व कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावाने दाखवून दिलं. तिथली जुनी पेठ ओस पडत चालली होती. १९९३मध्ये नगरपालिकेने रस्त्यावर पार्किंगचे मीटर बसवायचं ठरवलं तेव्हा दुकानदारांनी विरोध केला. उरलंसुरलं गिऱ्हाईकही जाईल अशी त्यांना भीती होती. प्रत्यक्षात सगळ्या चांगल्या जागा त्यांच्याच नोकरांच्या गाड्यांनी भरलेल्या असत. मीटरचा पैसा शहराच्या तिजोरीत न जाता याच पेठेच्या फुटपाथवर, झाडांवर, दिव्यांवर, मागच्या गल्ल्यांच्या सफाईवर खर्च होईल, असं नगरपालिकेने कबूल केलं तेव्हा विरोध मावळला. पेठ पुन्हा उभी राहिली.

पुण्यातही असं धोरण झालं होतं. आयुक्त कुणाल कुमार यांच्या काळात महापालिकेने पार्किंगचं धोरण तयार केलं. गर्दीप्रमाणे रस्त्यांचे गट आणि गटाप्रमाणे दर, अशी त्याची रचना होती. मार्च २०१८मध्ये ते सर्वसाधारण सभेत आलं आणि शहरभर विरोधाचा वणवा पेटला. सभेने धोरण मंजूर केलं, पण पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक म्हणून. पुढे ते पाच रस्तेही प्रत्यक्षात आले नाहीत. विरोध करणाऱ्यांचे मुद्दे सगळेच पोकळ नव्हते. बस वेळेवर येत नसताना दुचाकीवाल्याकडून पैसे का घ्यायचे, हा प्रश्न रास्त होता. ठेकेदार पावती न देता पैसे घेईल ही भीतीही अनुभवातून आलेली होती. पण जमलेला पैसा लक्ष्मी रस्त्याच्याच फुटपाथवर खर्च होईल, असं खणखणीतपणे कुणी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कदाचित व्यापारी निदान ऐकून घ्यायला बसले असते.

महापालिकेकडे कागदांची कमतरता नाही, आणि हे कागद चांगले आहेत. वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, हे केंद्राच्या २००६च्या शहरी वाहतूक धोरणाचं सूत्र. त्याला धरून पुण्याने २०१६मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. 'परिसर'सारख्या संस्था आणि पादचाऱ्यांसाठी काम करणारे नागरिक कितीतरी वर्षं त्यामागे लागले होते. रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच सुमाराला आली. जंगली महाराज रस्त्यावर त्याचं फळ दिसतं: ऐसपैस फुटपाथ, वडाच्या सावलीत बाक, पार्किंगला आखून दिलेले कप्पे. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले दिसतात. ही गोष्ट लहान नाही.

११ डिसेंबर २०२१ला महापालिकेने पहिला पादचारी दिन साजरा केला आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला हा उपक्रम होतो. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणाऱ्यांना मोकळा मिळतो. रस्त्यावर बाक येतात, गाणं-वाजवणं होतं, मुलं डांबरावर चित्रं काढतात, खेळतात. ज्या जागी एरवी टायर असतात तिथे खडूने आखलेली लंगडी दिसते. दुकानदार दारात येऊन उभे राहतात आणि रस्ता बघतात. इतका रुंद रस्ता आपल्या दुकानासमोर आहे, हे त्यांच्याही त्या दिवशीच लक्षात येत असणार.

पण हा दिवस वर्षातून एकदा येतो. एका दिवसात गिऱ्हाइकाची सवय बदलत नाही, व्यापाऱ्याचा अंदाज बांधून होत नाही आणि आसपासच्या पेठांत वाहतूक कशी वळते याचा अभ्यासही पुरा होत नाही. लष्कर भागात महात्मा गांधी रस्त्यावर कँटोन्मेंट बोर्डाने शनिवार-रविवारच्या संध्याकाळी 'वॉकिंग प्लाझा' चालवला, तो बंद पडला, पुन्हा सुरू झाला. तिथे निदान आठवड्याची लय होती. बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटने नोव्हेंबर २०२०पासून चार महिने, दर शनिवार-रविवार, वाहनबंदी करून पाहिली आणि त्या काळात भारतीय विज्ञान संस्थेने हवेची मोजमापं घेतली. प्रयोग करायचा तर असा, मोजता येईल इतका लांब.

दिल्लीच्या चांदनी चौकाने पुढची पायरी गाठली. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा, सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा रस्ता लाल दगडाने नव्याने बांधला गेला आणि सप्टेंबर २०२१मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. सायकलरिक्षा चालू, माल रात्री उतरवायचा. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जहाँआराने वसवलेला हा बाजार लक्ष्मी रस्त्यापेक्षाही दाट आहे. तिथे हे होऊ शकतं तर इतर कुठेही होऊ शकतं, असं त्या वेळी अनेकांना वाटलं. पुढचे अनुभव मात्र संमिश्र आहेत. दुचाक्या आणि ई-रिक्षा बंदीच्या वेळात पुन्हा शिरू लागल्या, पहारा ढिला पडला, दगडी खांब तुटले. दगड बसवणं हे काम एकदा करून संपतं, राखण रोज करावी लागते. राखणीसाठी माणूस आणि पैसा कुठून यायचा, याची तरतूद उद्घाटनाच्या दिवशीच हवी.

चेन्नईच्या पाँडी बाजाराचा अनुभव पुण्याला अधिक जवळचा आहे. टी. नगरमधला हा साड्या-दागिन्यांचा रस्ता नोव्हेंबर २०१९मध्ये नव्या रूपात खुला झाला. तिथे वाहनं पूर्ण बंद केली नाहीत. फुटपाथ दोन्ही बाजूंनी खूप रुंद केले, वाहनांची वाट आवळली, बस चालू ठेवल्या आणि शेजारी यांत्रिक वाहनतळ उभं केलं. व्यापाऱ्यांचा सुरुवातीचा विरोध तिथेही होता. आज सुट्टीच्या संध्याकाळी त्या फुटपाथवर माणसं नुसती फिरायलाही येतात.

व्यापाऱ्यांचा विरोध ही सगळीकडची पहिली पायरी असते, आणि त्याची टर उडवणं चुकीचं आहे. कोपनहेगनमध्ये १९६२च्या नोव्हेंबरात स्ट्रॉय हा मुख्य बाजाररस्ता प्रयोग म्हणून वाहनांना बंद केला तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही धंदा बुडणार म्हणून ओरड केली होती. डेन्मार्कच्या थंडीत कोण रस्त्यावर हिंडणार, असं म्हटलं गेलं. दोन वर्षांनी, १९६४मध्ये, बंदी कायम झाली. यान गेल या वास्तुरचनाकाराने पुढची काही दशकं तिथे माणसं कुठे थांबतात, कुठे बसतात, किती वेळ रेंगाळतात हे मोजण्यात घालवली. त्या शहराची खरी हुशारी पार्किंगमध्ये होती. मध्यवर्ती भागातल्या पार्किंगच्या जागा दर वर्षी दोन-तीन टक्क्यांनी कमी करत नेल्या. एका वर्षात दोन टक्के गेलेले कुणाला जाणवत नाहीत, वीस वर्षांत शहर बदलून जातं.

आणि वाहनाविना चालणारा बाजार पाहायला मराठी माणसाला परदेशी जावंही लागत नाही. माथेरान आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने. २००३मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि वाहनबंदीला कायद्याचं बळ आलं. गावाचा मुख्य बाजार, त्यातली चिक्की आणि चपलांची दुकानं, हॉटेलं, सारं याच बंदीत पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. त्यात कष्टाची बाजू आहे. माणसाने ओढायच्या हातरिक्षा तिथे अजून होत्या, ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माथेरान आणि लक्ष्मी रस्ता यांची तुलना ओढूनताणून करायला नको. एक डोंगरावरचं गाव, दुसरा महानगराचा मध्य. पण दस्तुरी नाक्याचा धडा दोघांना लागू आहे. आत गाडी नाही, हे प्रवाशाला वेशीवरच कळतं आणि वेशीवर गाडी ठेवायची जागा असते.

लक्ष्मी रस्त्याला अशा वेशी आज आहेत. मंडईजवळ महापालिकेची सतीश मिसाळ आणि बाबू गेनू वाहनतळं, नारायण पेठेत हमालवाडा. तिथून कुंटे चौक काही मिनिटांच्या चालीवर आहे. या वाहनतळांत जागा किती शिल्लक आहे हे चौकाचौकांत मोठ्या आकड्यांत दिसायला हवं, जिने उजेडाचे आणि स्वच्छ हवेत, रात्री बायकांना एकटीने गाडी काढायला भीती वाटता कामा नये. आणि दर उलटा हवा: रस्त्याच्या कडेला महाग, वाहनतळात स्वस्त. आज कडेला फुकट आणि आत पैसे. अशा दराने कुठलंही वाहनतळ भरणार नाही.

गेल्या काही वर्षांत एक मोठी गोष्ट बदलली आहे. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा खुला झाला आणि पेठांच्या पोटात कसबा पेठ व मंडई ही स्थानकं आली. पिंपरी-चिंचवडचा माणूस आता थेट मंडईत जमिनीखालून वर येतो. वनाझकडून येणाऱ्याला डेक्कनला उतरून नदी ओलांडली की लक्ष्मी रस्त्याचं पश्चिम टोक गाठता येतं. पेठांत फिरण्यासाठी पीएमपीने जुलै २०२१मध्ये 'पुण्यदशम' नावाने छोट्या वातानुकूलित बस आणल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर कितीही फिरा अशा. कल्पना अगदी योग्य होती. बाजार वाहनमुक्त करायचा तर अशा बस दर पाच-सात मिनिटांनी, मेट्रो स्थानकं आणि वाहनतळं जोडत, रात्री दुकानं मिटेपर्यंत धावायला हव्यात. पिशव्या जड झाल्यावर बस समोर दिसली पाहिजे.

अवघड भाग आहेत आणि त्यांची उत्तरं आधी शोधावी लागतील. माल उतरवण्याचं काय? रात्री दहा ते सकाळी नऊ ही वेळ टेम्पोंना द्यावी लागेल, दुकानदारांना माल घ्यायला रात्री माणूस ठेवावा लागेल आणि दिवसा निकडीचा माल हातगाडीने आणावा लागेल. पेठांत राहणाऱ्यांचं काय? वाड्यांत आणि वाडे पाडून झालेल्या इमारतींत हजारो कुटुंबं आहेत. त्यांना परवाने आणि ठरलेली वाट मिळायला हवी. आजारी माणसासाठी रिक्षा दारापर्यंत यायला हवी. अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका यांना मधली साडेतीन-चार मीटरची पट्टी कायम रिकामी हवी, आणि आजच्या गर्दीत ती मिळत नाही हेही लक्षात घ्यावं. वाहनं हटली तर ती मिळेल.

सगळ्यात नाजूक प्रश्न पथारीवाल्यांचा. मोटारी गेल्या की मोकळ्या जागेवर पथाऱ्या पसरतील ही भीती दुकानदारांना असते, आणि पहिल्या दिवशीच आपल्याला उठवतील ही भीती पथारीवाल्यांना. दोन्ही भीती खऱ्या आहेत. २०१४च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण दिलं आहे आणि शहर फेरीवाला समितीच्या मार्फत जागा ठरवायची वाटही दिली आहे. लक्ष्मी रस्त्याची आखणी करतानाच त्यांचे पट्टे रंगवून निश्चित केले, तर चालणाऱ्यालाही वाट उरेल आणि तुळशीबागेच्या तोंडाशी कानातली विकणाऱ्या बाईलाही जागा. तिला वगळून सुंदर केलेला रस्ता पुण्याचा राहणार नाही.

फुटपाथ किती रुंद असावा याचं उत्तर इंडियन रोड्स काँग्रेसने दिलेलं आहे: चालायला किमान १.८ मीटर निर्वेध जागा, बाजारपेठेत त्याहून जास्त. १४ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने चालण्याजोगा, अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातला हक्क असल्याचं स्पष्ट केलं. न्यायमूर्ती ओक ठाण्याचे. ठाणे स्टेशनबाहेरच्या गर्दीतून वाट काढलेल्या कुणालाही या निकालाचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा करायचं काय? लक्ष्मी रस्ता एका रात्रीत कायमचा बंद करावा असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण वर्षातून एक दिवस हेही आता पुरेसं नाही. दर शनिवारी आणि रविवारी, दुपारी चार ते रात्री नऊ, नगरकर तालीम ते गरुड गणपती हा पट्टा सहा महिने वाहनांना बंद ठेवावा. त्याआधी कडेच्या पार्किंगला तासाप्रमाणे दर लावावा, पहिला तास स्वस्त आणि पुढचा प्रत्येक तास चढता. वसुली मोबाइलवरून आणि छापील पावतीने व्हावी, ठेकेदाराच्या खिशातून नाही. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना मंडईच्या वाहनतळांचे किंवा मेट्रोचे मासिक पास सवलतीत मिळावेत. यात व्यापाऱ्यांनी निम्मा वाटा उचलला तर त्यांच्याच दारातली जागा मोकळी होईल. जमलेला प्रत्येक रुपया या रस्त्याच्या फुटपाथवर, दिव्यांवर, स्वच्छतागृहांवर खर्च व्हावा आणि त्याचा जमाखर्च दर महिन्याला कुंटे चौकात फलकावर लागावा. बायकांसाठी नीट स्वच्छतागृह नसलेल्या बाजारात चार तास खरेदी होईल ही अपेक्षाच चुकीची आहे, म्हणून पहिला खर्च त्यावर व्हावा. सहा महिन्यांनी दुकानांच्या विक्रीचे, चालणाऱ्यांच्या संख्येचे, शेजारच्या रस्त्यांवरच्या कोंडीचे आकडे लोकांसमोर मांडावेत आणि मग पुढचं ठरवावं. आकडे विरोधात गेले तर तेही मान्य करावेत.

यातला कुठलाही भाग नवा नाही आणि कशालाही नवा कायदा लागत नाही. धोरण २०१८पासून तयार आहे, ते पाच रस्त्यांपुरतं का होईना मंजूरही आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या व्यापारी संघटनांनी, पथारी संघटनांनी आणि पेठांतल्या रहिवाशांनी एकत्र बसून महापालिकेकडे या सहा महिन्यांची मागणी लेखी करावी, आणि वाचकांनी आपापल्या नगरसेवकाला ती मागणी कुठवर आली हे विचारत राहावं.